दफनाच्या दिवशी गाड्या बंद

बाल्टिक समुद्राच्या काठी स्वेत्लोगोर्स्क नावाचं एक छोटं शहर आहे. समुद्राकडे तुटलेला कडा, कड्यावर पाइनची दाट झाडी आणि त्या झाडीत हवापालटाला येणाऱ्यांसाठी बांधलेली आरोग्यधामं. 16 मे 1972 ला तिथे दाट धुकं होतं. दुपारी साडेबाराच्या सुमारास बालवाडीतली मुलं जेवायला बसली होती. ख्राब्रोवोच्या विमानतळावरून रेडिओ यंत्रणेच्या तपासणीसाठी निघालेलं सोव्हिएत नौदलाचं आन-24 विमान समुद्रावरून वळून किनाऱ्याकडे आलं, कड्यावरच्या एका पाइनला धडकलं आणि त्या बालवाडीवर येऊन पडलं. इंधन पेटलं. विमानातले आठ जण, 24 मुलं आणि बालवाडीत काम करणारी तीन माणसं गेली.

इथवर ही अपघाताची हकीकत आहे, आणि अपघात कुठेही होतात. मी अडकून पडलो तो त्याच्या पुढच्या हकीकतीत.

रातोरात ढिगारा उपसला गेला. जळक्या भिंती, विमानाचे तुकडे, सगळं हललं. जागा सपाट केली आणि तिथे फुलझाडं लावली. दुसऱ्या दिवशी तिकडून जाणाऱ्या परक्या माणसाला वाटावं, नगरपालिकेने उन्हाळ्याच्या तोंडावर एक बगिचा केलाय. मी त्या कामाचा बराच विचार केला. रोपं आणायला कुणीतरी रोपवाटिकेत गेलं असणार. माती पसरली, आळी केली, पाणी घातलं. हुकूम देणारा कुठे तरी कचेरीत होता, पण हाताने काम करणारी माणसं त्याच गावची किंवा शेजारच्या छावणीतली असणार आणि आपण कशावर माती टाकतोय हे त्यांना ठाऊक असणार. दंताळ्याने माती सारखी करताना ती एकमेकांशी काय बोलली असतील? की काहीच नाही?

वर्तमानपत्रात ओळसुद्धा आली नाही. रेडिओवर नाही. मग दफनाचा दिवस आला. स्वेत्लोगोर्स्क हे कालिनिनग्राद या मोठ्या शहरापासून लोकलने तासाभराच्या अंतरावर. त्या दिवशी कालिनिनग्रादहून स्वेत्लोगोर्स्कला जाणाऱ्या लोकलगाड्या बंद ठेवल्या.

सेन्सॉर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लाल पेन्सिल घेतलेला कारकून येतो. मजकुरावर काट मारणारा, छपाईचे खिळे उपसायला लावणारा. इथे वर्तमानपत्राच्या कचेरीत त्या कारकुनाला करण्यासारखं काही उरलंच नव्हतं, कारण कुणी बातमी लिहिलीच नव्हती. इथलं सेन्सॉरचं काम केलं ते फावड्याने आणि रेल्वेच्या वेळापत्रकाने. आणि तिथेच माझ्या डोक्यात प्रश्न आला, की हे नेमकं कुणापासून लपवत होते?

गावापासून तर नाही. छोट्या गावात बालवाडी जळते तेव्हा धूर सगळ्यांना दिसतो, आणि कुठल्या घरातलं पोर संध्याकाळी परतलं नाही हे वेगळं सांगावं लागत नाही. शत्रूपासून? बालवाडीवर आपलंच मालवाहू विमान पडल्याने शत्रूच्या हाती कुठलं गुपित लागणार होतं? मला जितकं समजतं त्यावरून घटना लपवण्याची त्यांना तेवढी फिकीर नव्हती. त्यांना नको होती ती माणसं एकत्र येणं. कालिनिनग्रादची आत्या, पुढच्या स्टेशनवरचा मामा, कारखान्यातले सोबती, नुसते हळहळलेले अनोळखी लोक असे सगळे एका दफनभूमीत जमले की आधी रडतात, मग बोलतात, मग कुणीतरी विचारतं, विमान इतकं खाली का आलं? त्या प्रश्नापर्यंत गर्दी पोचू नये म्हणून गाड्या बंद. ज्याचं घर जळलं त्याने घरात बसून रडावं, त्याला कुणाची हरकत नव्हती.

त्या मुलखालाही विसरायची सवय होती, किंवा लावलेली होती. दुसऱ्या महायुद्धापर्यंत हा जर्मनीचा पूर्व प्रशिया. कालिनिनग्राद म्हणजे पूर्वीचं क्योनिग्सबर्ग, तत्त्वज्ञ कांटचं गाव, आणि स्वेत्लोगोर्स्क म्हणजे राउशेन. 1946-47 मध्ये शहरांची, गावांची नावं बदलली, 1948 पर्यंत उरलेल्या बहुतेक जर्मनांना हाकललं आणि सोव्हिएत संघाच्या कानाकोपऱ्यांतून नवी माणसं आणून वसवली. बाल्टिक नौदलाचा तळ तिथे असल्याने परदेशी माणसाला तो सगळा प्रदेशच बंद होता. 1972 साली त्या बालवाडीत मूल पाठवणारे आईबाप बहुतेक पहिल्या पिढीतले रहिवासी. गावात आजोबांचं थडगं नाही, जुन्या वाड्याची गोष्ट नाही, आणि आपण राहतो त्या घरात आधी कोण राहायचं हे विचारायची पद्धत नाही.

आता हे मला इतकं का लागावं? मी ओझरच्या टाउनशिपमध्ये वाढलो. नाशिकजवळच्या त्या कारखान्यात सोव्हिएत परवान्याने मिग-21 विमानं बनायची आणि माझे वडील तिथे जुळणीच्या शेडमध्ये कॉकपिटमधली इन्स्ट्रुमेंट्स बसवायचे. घरात रशियाबद्दल एक घरगुती आपलेपणा होता. सोव्हिएत वकिलातीकडून निघणारी मासिकं यायची, मराठीतसुद्धा. कागद असा गुळगुळीत की जूनमध्ये आमच्या सगळ्या वह्या-पुस्तकांना त्याचीच कव्हरं. माझ्या भूगोलाच्या वहीवर ट्रॅक्टर होता. बहिणीच्या वहीवर बालवाडी होती: डोक्यावर मोठ्ठे पांढरे फितीचे फुगे बांधलेल्या मुली, बुटक्या टेबलाभोवती, पुढ्यात सूपच्या वाट्या. आम्ही दोघांनी पैज लावली होती की त्या वाट्यांत काय असेल. ती चित्रं खोटी नव्हती, तशा बालवाड्या खरंच होत्या. पुढे मोठेपणी स्वेत्लोगोर्स्कबद्दल वाचलं तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांपुढे आलं ते बहिणीच्या वहीचं कव्हर.

आणि विमान इतकं खाली का आलं, या प्रश्नाचं उत्तर मला बाबांनी समजावलं. कारण होतं अल्टिमीटर, म्हणजे विमान किती उंचीवर आहे ते दाखवणारा काटा. आधी तो इल-14 जातीच्या विमानांवर वापरात होता, तिथून काढून आन-24 वर बसवला. नव्या विमानावर तो बरोबर दाखवतो का, याची चाचणी घ्यावी असा नियमच तेव्हा नव्हता. अपघातानंतर मुद्दाम उड्डाण करून पाहिलं तेव्हा 60-70 मीटरचा फरक निघाला. धुक्यात काट्यावर भिस्त ठेवून उतरणाऱ्या वैमानिकाला वाटत होतं की आपल्या पोटाखाली भरपूर हवा आहे.

हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते ऐंशी पार केलेले, पण हातांना सगळं आठवत होतं. त्यांनी टेबलावरची औषधाची गोल डबी उचलली. "आत अशीच एक डबी असते," म्हणाले, "पातळ पत्र्याची, पन्हळी. आतली हवा काढून घेतलेली. विमान वर गेलं की बाहेरचा दाब कमी होतो, डबी फुगते. खाली आलं की चेपते. ते फुगणं-चेपणं केसाएवढं. दातेरी चाकांतून ते मोठं होत काट्यापर्यंत जातं. म्हणून टेस्ट बेंचवर वाचन घेताना काचेवर टिचकी मारायची. काटा अडकलेला असला तर हलतो."

"मग एका विमानावरचा काढून दुसऱ्यावर लावला तर?"

"अरे, डबी तीच राहील, पण तिला हवा कुठून मिळते? विमानाच्या अंगावर एक बारीक भोक असतं, स्टॅटिक. प्रत्येक जातीच्या विमानावर ते वेगळ्या जागी, तिथून वारा वेगळा वाहतो. त्यामुळे चूक येतेच. ती किती येते ते उडवून मोजायचं आणि करेक्शन कार्ड लिहायचं. कार्डाशिवाय इन्स्ट्रुमेंट म्हणजे..." त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि डबी परत जागेवर ठेवली. जरा वेळाने विचारलं, "मग त्यांनी हे बाकीच्यांना कळवलं का?"

बाबांचा प्रश्न फिटरचा होता. त्यांना सेन्सॉरशी देणंघेणं नव्हतं. एखाद्या विमानात खोट सापडली की त्या जातीच्या सगळ्या विमानांच्या शेडमध्ये चिठ्ठी जायला हवी, एवढंच त्यांना माहीत. नौदलाच्या बंद दाराआड चौकशी झाली, अनेक अधिकाऱ्यांची पदं गेली, असं आता छापून येतं. पण जो अपघात झालाच नाही त्याचा धडा उघडपणे कुठे शिकवणार? आन-24 हे नागरी वाहतुकीचंही विमान होतं, देशभर शेकड्यांनी उडत होतं.

आणखी एक गोष्ट अशा मौनातून हमखास उगवते. गावात बातमी पसरली की वैमानिक प्यायलेले होते. नाहीतर विमान बालवाडीवर कसं येईल? कालिनिनग्रादच्या गल्लीबोळांत ही गोष्ट कैक वर्षं फिरली, आणि अल्टिमीटरची गोष्ट मात्र फाइलीत राहिली. ज्यांची मुलं गेली त्यांना राग काढायला कुणीतरी हवं होतं आणि सरकारने त्यांच्यापुढे मेलेले आठ जण सोडले होते. त्या आठांच्याही घरी बायका होत्या, आया होत्या. त्याच प्रदेशात राहून बाजारात जाताना त्यांना कुणी काय ऐकवलं असेल याची नोंद कुठल्या चौकशी समितीने ठेवलेली नाही.

सोव्हिएत संघात हे अपवादाने घडत नव्हतं. ग्लावलित नावाचं सेन्सॉर खातं 1922 पासून होतं आणि काय छापायचं नाही याची त्यांची यादीच असे. विमान अपघात त्यात मोडत. म्हणून 11 ऑगस्ट 1979 ला युक्रेनवर दोन प्रवासी विमानं हवेत एकमेकांवर आदळून 178 माणसं गेली, तेव्हा ती बातमी फुटायला एक फुटबॉलचा संघ कारणीभूत ठरला. ताश्कंदच्या पाख्ताकोर संघातले 17 जण त्यात होते आणि पुढच्या सामन्याला मैदानावर संघ उतरणार नाही हे प्रेक्षकांना काहीतरी करून सांगणं भागच होतं. 7 फेब्रुवारी 1981 ला लेनिनग्रादजवळच्या पुश्किन इथल्या लष्करी विमानतळावर तू-104 जातीचं विमान कोसळलं. 50 जण गेले, त्यांत पॅसिफिक नौदलाच्या प्रमुखासह 16 अ‍ॅडमिरल आणि जनरल. युद्धात गमवावेत त्याहून जास्त दर्यासारंग एका दुपारी गेले, आणि देशाला कळलं ते लष्कराच्या दैनिकातल्या एका आखूड निवेदनातून. म्हणजे हा पडदा गरिबाघरच्या पोरांवरच पडायचा असंही नाही.

पण मला सगळ्यात चमत्कारिक वाटतो तो 1960 चा प्रकार. 24 ऑक्टोबरला बैकोनूरच्या तळावर आर-16 क्षेपणास्त्र उड्डाणाआधीच पेटलं. घाई चालली होती, मार्शल मित्रोफान नेदेलिन स्वतः क्षेपणास्त्रापासून काही मीटरवर खुर्ची टाकून बसले होते. सत्तरहून जास्त माणसं जळून गेली, त्यांत तेही. मार्शल नाहीसा झाला हे लपवता येईना, मग जाहीर केलं की नेदेलिन विमान अपघातात गेले. खरी हकीकत देशात छापून यायला 1989 उजाडलं. न झालेला विमान अपघात बारा वर्षं आधी छापून झाला होता आणि झालेला अपघात फुलझाडांखाली गेला. हे कुणी कथेत लिहिलं असतं तर संपादकाने ओढूनताणून म्हणून परत पाठवलं असतं.

यात रशियाला हसायला आपण मोकळे आहोत असं मात्र नाही. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन हे दारूगोळ्याने आणि कापसाने भरलेलं जहाज उडालं. शेकडो माणसं गेली, जपानी आले म्हणून लोक शहर सोडून पळाले. आवाज सगळ्या मुंबईने ऐकला, पण बाहेरच्या जगाला तपशील पहिल्यांदा सांगितला तो जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने, दुसऱ्याच दिवशी. मुंबईतल्या बातमीदारांना आपल्या बातम्या बाहेर पाठवायची परवानगी मिळाली ती मेच्या दुसऱ्या आठवड्यात.

त्याच वर्षी, चारच महिन्यांनी, 23 ऑगस्टला इंग्लंडमधल्या फ्रेकल्टन नावाच्या खेड्यात वादळात सापडलेलं अमेरिकन लिबरेटर बॉम्बफेकी विमान शाळेच्या बालवर्गावर कोसळलं. 61 माणसं गेली, त्यांत 38 मुलं. युद्ध चालू होतं, सेन्सॉर चालू होता, विमान लष्करी होतं. तरी दफनाला अख्खं गाव आलं, शवपेट्यांना अमेरिकन सैनिकांनी खांदा दिला, आणि वर्षभरात त्या सैनिकांनीच गावातल्या मुलांसाठी खेळाचं मैदान बांधून दिलं. युद्ध तेच आणि सरकारही लंडनचंच. मुंबईच्या बंदरात लढाईचं साहित्य होतं, तिथली गुप्तता थोडी समजू शकते, हे मी मान्य करतो. पण स्वेत्लोगोर्स्कला 1972 साली युद्ध नव्हतं. फ्रेकल्टनला महायुद्धात जमलं ते तिथे शांततेत का जमू नये, याचं उत्तर धुक्यात किंवा अल्टिमीटरमध्ये शोधून सापडणार नाही.

सोव्हिएत संघ संपल्यावर, 1994 साली, बालवाडीच्या जागेवर एक छोटं प्रार्थनामंदिर उभं राहिलं. दरवर्षी 16 मे ला तिथे लोक जमतात. आता गाड्या सुरू असतात. ज्यांना बावीस वर्षं थांबावं लागलं त्या आईबापांपैकी काही तोवर नव्हते.

2025 साली 21 जुलैला बाबांनी मला टीव्हीसमोर बोलावलं. ढाक्यात उत्तरा भागातल्या माइलस्टोन स्कूल अँड कॉलेजवर बांगलादेशी हवाई दलाचं एफ-7 लढाऊ विमान पडलं होतं. शाळा सुटायची वेळ. एफ-7 म्हणजे चीनने मिग-21 वरून बनवलेलं विमान. बाबांना ते सांगावं लागलं नाही. पडद्यावर जळका सांगाडा दिसत होता, शेपटीचा थोडा भाग. "आपलंच पोर," एवढं पुटपुटून त्यांनी चष्मा पुसायला घेतला. भारतातलं शेवटचं मिग-21 निवृत्त व्हायला तेव्हा दोन महिने होते.

तीसहून जास्त जीव गेले, बहुतेक शाळेतली मुलं. इथे रातोरात काही लपवणं शक्यच नव्हतं, पहिल्या काही मिनिटांत शेकडो मोबाइल निघाले होते. मला तर त्या चित्रांचाच त्रास होत होता. भाजलेली मुलं रस्त्यावरून चालताना दाखवायला कुणाची तरी परवानगी घ्यायला हवी होती, निदान त्यांच्या आईबापांची. एवढं सगळं उघड्यावर असूनही दुसऱ्या दिवशी विद्यार्थी रस्त्यावर उतरले ते सरकार आकडा लपवतंय या संशयाने. सरकार नाही म्हणत राहिलं. पाहणीला आलेल्या हंगामी सरकारच्या दोन सल्लागारांना, म्हणजे मंत्र्यांनाच, मुलांनी कित्येक तास कॉलेजबाहेर पडू दिलं नाही. अवशेषांवरून ओळख पटवायला डीएनए चाचण्या कराव्या लागत होत्या, आकडा बदलत होता, आणि बदलणारा आकडा दबलेल्या माणसाला खोटाच वाटतो. त्यात कुणाचं चुकलं असं मला म्हणवत नाही.

मुलांनी सहा मागण्या लिहून दिल्या. पहिली, मेलेल्यांची नावं आणि ओळख अचूक जाहीर करा. मग जखमींची पूर्ण यादी. मग शिक्षकांना धक्काबुक्की झाल्याबद्दल माफी, कुटुंबांना भरपाई. आणि शेवटाकडे, जुनी धोकादायक विमानं प्रशिक्षणातून काढा, प्रशिक्षणाची पद्धत आणि जागा बदला. बाबांनी ही यादी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. पहिल्या मागण्यांवर ते काही बोलले नाहीत. विमानांच्या मागणीवर म्हणाले, "पोरांनी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंय."

नोव्हेंबरमध्ये चौकशीचा अहवाल आला. प्रशिक्षणाच्या उड्डाणात वैमानिकाचा ताबा सुटला, असं त्यात मुख्य कारण दिलं. शाळेची इमारत बांधकामाच्या नियमांना धरून नव्हती हेही निघालं, आणि सुरुवातीचं प्रशिक्षण ढाक्याबाहेर न्यावं अशी शिफारस झाली. बाबांना मी बातमी वाचून दाखवली. "वैमानिक," ते म्हणाले, आणि थांबून, "विमानाचे लॉग छापलेत का बघ."